फोन ठेवायला शिकायचं तर पुण्याला जावं

लोक पुण्याला शिकायला जातात, नोकरीला जातात, मुलगी पाहायला जातात. मी गेलो तो लोकांना फसवायला. आणि तेही रीतसर निमंत्रण येऊन, जाण्यायेण्याच्या भाड्यासकट.

घाबरू नका. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला शाळामास्तर. वय बावन्न, आवाज खणखणीत, मिशी अस्सल. गेली दोन वर्षं आमच्या आठवडी बाजारात, कांद्याच्या ढिगांमध्ये उभा राहून मी एक खेळ करतो. त्यात मी होतो फोनवरचा ठग. गळ्यात टाय, डोळ्यांवर काळा चष्मा. फोनवरचा ठग कुणाला दिसत नाही, मग टाय कशाला, असं आमच्या हेडमास्तरांनी एकदा विचारलं होतं. ज्यांनी आयुष्यात कधी तोंडाला रंग लावला नाही, त्यांना काही गोष्टी समजावता येत नाहीत. तर मी फोन लावतो, "अनुदान मंजूर झालंय", "तुमचं खातं आज बंद होणार", "संध्याकाळी वीज कापतो" अशा थापा मारतो, आणि समोरचं गिऱ्हाईक तोंडातून कार्डाचा आकडा काढतं का, हे सगळा बाजार बघत राहतो. गिऱ्हाईक फसलं की लोक ओरडतात. नाही फसलं, तर मी तडफडून मरतो. मरणं फार लोकप्रिय आहे.

खेळानंतर आमच्या शाळेची बचत बँक मांडली जाते. ती पोरंच चालवतात. व्यवस्थापक आहे सातवीतली श्रावणी. तिच्याइतकी कडक बाई मी कोणत्याही खऱ्या बँकेत पाहिली नाही.

या सगळ्याचा कुणीतरी व्हिडिओ काढला, तो फिरत फिरत पुण्याच्या सुलभाताईंकडे पोचला. सुलभाताई बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाल्या आणि आता शेतकऱ्यांना आणि शाळेतल्या मुलांना पैशाचे व्यवहार समजावणारा एक गट चालवतात. त्यांचा निरोप आला : "व्हिडिओ पाहिला. अभिनय जास्त आहे, पण मुद्दा बरोबर आहे. तीन दिवस या."

त्यातल्या 'अभिनय जास्त आहे' या अर्ध्या वाक्याचं दुःख मी गाडीत वर्धा ते दौंड एवढं पुरवून पुरवून केलं.

निघालो तिघं. मी, श्रावणी आणि शेवंताबाई. शेवंताबाई आमच्या गावच्या शेतकरी. पाच एकरांत कापूस आणि तूर, वय साठीच्या अलीकडे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका फोननं त्यांच्या अख्ख्या तुरीचे पैसे गेले. बाजारातला माझा खेळ सुरू झाला तो त्यामुळेच. तेव्हापासून त्यांचा फोन आणि बँकेचं कार्ड मुलाकडे, गजाननकडे. गजानन पोरगा चांगला. पण आईला पोलक्याचं कापड घ्यायचं तरी "दे बापा" म्हणावं लागतं, आणि हे त्यांना आतून खातं. निघताना गजानननं माझ्यासमोर शब्द दिला, "आई, तू पुण्यात चार लोकाइसमोर ठगाचा फोन ठेवून दाखव, मंग कार्ड तुह्यं."

सोपं वाटलं ना? मलाही वाटलं होतं.

खडकी

पहिला मुक्काम खडकीला, माझ्या मावसभावाच्या, प्रभाकरच्या क्वार्टरमध्ये. तो दारूगोळ्याच्या कारखान्यात वीस वर्षं आहे. आमच्याकडचा माणूस वीस वर्षं पुण्यात राहिला की काय होतं, ते त्याच्याकडे पाहून कळतं : पोह्यांवर तिखट तर्री मागतो, पण मागताना "प्लीज" म्हणतो.

सकाळी चहा झाल्यावर मी तालमीला सुरुवात केली. शेवंताबाईंच्या हातात माझा जुना फोन दिला, मी स्वतः स्वयंपाकघरात गेलो, टाय बांधला आणि नंबर लावला.

"नमस्कार मावशी, मी बँकेच्या मुख्य ऑफिसातून बोलतोय."

"नमस्कार बाप्पा. जेवले काय?"

मी भिंतीआडून डोकं काढलं. "शेवंताबाई, मी ठग आहे."

"माहीत आहे न गुरुजी. पण सकाळपासून उपाशी फोन लावून राहिला असाल तं?"

पुन्हा लावला. या वेळी आवाज बदलला, थोडा मुंबईचा केला. शेवंताबाईंनी त्या मुंबईवाल्याची आई कशी आहे, इतक्या लांब एकटा कसा राहतो, हातानं रांधतो की काय, सगळं विचारलं. मी कार्डावरचा नंबर मागितला तेव्हा त्या गप्प झाल्या, पण फोन काही ठेवला नाही. एक मिनिट. दोन मिनिटं. शेवटी मीच ठेवला.

आमच्याकडे बोलणाऱ्याचं बोलणं मधे तोडत नाहीत. दारात आलेला माणूस वसुलीवाला असला तरी आधी पाणी, मग भांडण. फोनवर तर माणूस कानाशीच आलेला असतो. तुरीचे पैसे गेले त्या दिवशी शेवंताबाई ठगाशी बारा मिनिटं बोलल्या होत्या. तो म्हणाला होता, अजून जेवलो नाही. "येवढं मायेनं बोलला गुरुजी," त्या म्हणाल्या, "अन् नंबर विचारला तं मले नाही म्हणाची लाज वाटली."

आकडा सांगू नये, हे त्यांना आता पक्कं माहीत होतं. पंधरा माणसांना त्यांनी स्वतः शिकवलं होतं. अडत होतं ते बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावर फोन ठेवण्याशी. दुपारपर्यंत मी सात वेळा ठग झालो. वीजवाला झालो, पोलीस झालो, एकदा परदेशी लॉटरीसुद्धा झालो. सातही जणांना त्यांनी "वेळेवर जेवत जा" म्हणून सांगितलं.

प्रभाकर म्हणाला, "दादा, यांना पेठेत न्या. तिथलं पाणी लागू पडेल."

नारायण पेठ

दुसऱ्या दिवशी सकाळी नारायण पेठेतल्या एका शाळेत सुलभाताईंनी श्रावणीचा तास ठेवला होता. सहावी-सातवीची चाळीस मुलं. श्रावणीनं पत्र्याचा डबा उघडला, वही मांडली, पैसे काढण्याची चिठ्ठी दाखवली. चिठ्ठीवर 'कशासाठी' अशी एक ओळ असते आणि ती भरल्याशिवाय श्रावणी पैसे देत नाही.

"समजा मी लिहिलं, आईस्क्रीम?" पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

"मग मी लिहितो, विचार कर, सोमवारी ये."

आमच्याकडे मुलीही 'मी लिहितो, मी जातो' म्हणतात. वर्गात थोडी खसखस पिकली. श्रावणी थांबली नाही.

"पण सिरियसली, कॅश कोण वापरतं?" मागून एकजण म्हणाला. "आई स्कॅन करते."

"मग आईच्या खात्यात किती उरले, हे तुला कसं कळते?"

"मला कशाला कळायला हवं?"

श्रावणीनं त्याच्याकडे पाहिलं. असं पाहिल्यावर आमच्या गावची दहावीची मुलंसुद्धा पैसे परत भरतात. मग तिनं सगळ्या वर्गाला विचारलं, तुमच्या घरचं विजेचं बिल किती येतं? एकालाही सांगता आलं नाही. तिनं फळ्यावर गृहपाठ लिहिला : बिल, किराणा, दूध, फी, घरी विचारून उद्या आणणे. आणि स्वतःच्या मनानं शेवटी एक ओळ घातली, 'पगार'.

दुपारी आम्ही सुलभाताईंकडे जेवायला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि जिन्यात चढणाऱ्यानं दमू नये अशा बेतानं ठेवलेली एक खुर्ची. पानात अळूची भाजी, मटकीची उसळ, पोळ्या. शेवंताबाईंनी अळूचा घास घेतला आणि हळूच म्हणाल्या, "ताई, भाजीत साखर पडली वाटते."

"पडली नाही. घातली आहे."

आम्ही तिघंही निमूट जेवू लागलो. तेवढ्यात सुलभाताईंचा फोन वाजला. त्यांनी डाव्या हातानं उचलला, पलीकडून "गुड आफ्टरनून मॅडम, आमच्याकडून आपल्यासाठी" एवढं ऐकू आलं, आणि सुलभाताई म्हणाल्या,

"नको."

फोन खाली. उजवा हात पोळी तोडतच होता.

शेवंताबाईंचा घास हातात राहिला. वाघानं हरीण धरलेलं पाहावं तशा त्या पाहत होत्या. "ताई, त्यानं तुमचं काय बिघडवलं होतं?"

"काहीच नाही. म्हणूनच रागावले नाही."

"पण त्याले वाईट वाटलं असन."

"अहो, त्याला दिवसात दोनशे जण नको म्हणतात. आपण वीस मिनिटं बोलून मग नको म्हटलं, तर त्याचा अधिक खोळंबा." सुलभाताईंनी ताक वाढलं. "पहिल्या वाक्यालाच ठेवायचा, शेवंताबाई. दुसरं वाक्य ऐकलं की तो पाहुणा होतो, आणि पाहुण्याला आपण ऊठ म्हणू शकत नाही. मीही नाही म्हणू शकत."

हे शेवटचं ऐकून शेवंताबाई एकदम मोकळ्या झाल्या. तोपर्यंत त्यांना वाटत होतं की पुण्याच्या लोकांना माया कमी. आता कळलं की मायेच्या भीतीनंच ही माणसं दार लवकर लावतात.

ताक पिऊन होतं न होतं तोच पुन्हा फोन. या वेळी कुणा मुलीचे वडील होते. सुलभाताईंनी आवाज मोठा केला.

"अहो मॅडम, आमची मुलगी शाळेतून आल्या आल्या माझा पगार विचारते आहे. हे काय शिकवलंत आपण?"

"तेच."

"पण सांगायचा का?"

"घरातच विचारते आहे ना? सांगा. खरा सांगा," असं म्हणून फोन पुन्हा खाली.

श्रावणी ताटाकडे बघत गालात हसत होती. संध्याकाळी शेवंताबाईंची खरी शिकवणी झाली, ती मात्र घरात नव्हे, बाजारात. सुलभाताई त्यांना पेठेतल्या दुकानांतून फिरवायला घेऊन गेल्या. भांड्यांच्या दुकानात शेवंताबाईंनी सुरुवात केली, "दादा, बरे आहात न? आमच्या गावाले अशी झारी भेटत नाही, माही सून म्हणे का"

"कोणती? छोटी, मोठी?"

"मोठी, पण आधी"

"एकशे ऐंशी."

बाहेर आल्यावर शेवंताबाई रस्त्यातच उभ्या राहून हसायला लागल्या. "पाहा न गुरुजी, कसा कचकन तोडला! अन् मले काहीच झालं नाही. हातपाय जागेवर आहे."

पुढच्या तीन दुकानांत त्या मुद्दाम शिरल्या. काही घ्यायचं नव्हतं. लांबण लावायची, तोडून घ्यायचं आणि खुशीत बाहेर यायचं. चौथ्या दुकानात एका अत्तरवाल्यानं त्यांना बसायला स्टूल दिलं, गावाची चौकशी केली आणि चहा मागवला. शेवंताबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "इथं काही शिकाले नाही भेटलं."

शनिवार पेठ

तिसऱ्या दिवशी खेळ. शनिवार पेठेतलं एक छोटं सभागृह, समोर निम्मी कालची मुलं आणि निम्मे शहराच्या कडेच्या गावांतून आलेले शेतकरी. पहिल्या रांगेत निवृत्त मंडळी, हाताची घडी घालून.

माझी संहिता वीस मिनिटांची होती. त्यात सहा मिनिटांचं माझं एकट्याचं भाषण, आवाजाचे चार प्रकार, एक हुंदका. शेवंताबाईंनी 'पारूबाई' व्हायचं, आणि अगदी शेवटी, मी पुरता रंगलो की फोन ठेवायचा. त्यांच्या हातात सुलभाताईंचा खराखुरा फोन, माझ्या हातात माझा. दोन्हींना माईक.

मी टाय सारखा केला. नंबर लावला. घंटी वाजली.

"नमस्कार पारूबाई, मी बँकेच्या"

"नको."

सभागृहात असा हशा उसळला की पंखे हलले. माझी वीस मिनिटं गेली. मी तिथे उभा, टायसकट. मुलं ओरडायला लागली, "सर, मरा! मरा ना!" व्हिडिओ त्यांनीही पाहिला होता.

मी मेलो नाही. पुन्हा लावला. "पारूबाई, आपलं अनुदान" "नको." पुन्हा. "मी पोलीस" "नको." हाताची घडी घातलेल्या एका आजोबांनी घडी सोडून टाळी वाजवली. पुण्यात यापेक्षा मोठं बक्षीस नाही, असं नंतर सुलभाताईंनी सांगितलं.

इथे थांबलो असतो, तर बरं झालं असतं. पण रंगमंचावर माझं कुणी तीनदा तोंड बंद करावं आणि मी गप्प बसावं, हे माझ्या रक्तात नाही. चौथ्यांदा फोन लावला तेव्हा माझ्या डोक्यात एक भुंगा शिरला. खरे ठग हल्ली हेही करतात, असं मी मनाशी म्हटलं. पण खरं सांगायचं तर मला ती बाजी जिंकायची होती. मी श्वास ओढून, रडवेला, गजाननसारखा आवाज काढला.

"आई! आई, मी पडलो वं... दवाखान्यात आहे. पैसे मागून राहिले..."

शेवंताबाईंचा चेहरा उतरला. समोर दहा हातांवर मी उभा होतो, माझ्या हातात फोन दिसत होता, टाय दिसत होता. तरी त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला. हसणं थांबलं. मला तेव्हाच कळलं की मी काय केलं. पण उशीर झाला होता. दुसरं वाक्य त्यांनी ऐकलं होतं. पाहुणा घरात शिरला होता.

"थांब," त्या म्हणाल्या. "तू ठेव. मी तुले लावतो."

त्यांनी फोन कापला. आणि मग पदरानं तोंड पुसून, एकेक आकडा मोठ्यानं म्हणू लागल्या तेव्हा सुलभाताई पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "मनात म्हणा, मनात!" शेवंताबाईंनी मनात म्हणत दहा आकडे दाबले. दोन वर्षं ज्या बाईच्या हाती फोन नव्हता, तिला मुलाचा नंबर तोंडपाठ होता. माईकमधून घंटी सगळ्या सभागृहाला ऐकू येत होती. चार वेळा वाजली. पाच वेळा.

"हॅलो, कोण?"

"मी. तू कोठी आहे?"

"पऱ्हाटीत. कपाशीले फवारा मारून राहिलो. काहून आई, काय झालं?"

"पडला नाही न तू?"

"कायले पडू?"

"पाय बरे आहे?"

"पायाले काय झालं? आई, हा नंबर कोणाचा आ"

"बरं. काम कर," शेवंताबाई म्हणाल्या, आणि पोटच्या पोराच्या तोंडावर फोन ठेवला.

मला वाटतं, त्या टाळ्या नदीकाठच्या ओंकारेश्वराच्या देवळापर्यंत ऐकू गेल्या असतील. पहिल्या रांगेतले आजोबा उभे राहिले. आणि शेवंताबाई माझ्याकडे वळून, माईकमध्ये, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही हे चांगलं नाही केलं."

मी टाय काढला. हात जोडले. "चुकलो, शेवंताबाई." हा संवाद कोणत्याच संहितेत नव्हता.

मग त्यांनी लोकांकडे तोंड केलं. "मी पारूबाई नाही. माह्यं नाव शेवंता. दोन सालाआधी मीच फसलो. तुरीचे पैसे मीच घालवले. अडाणी म्हणून नाही फसलो, मले सही येते, हिशेब येते. त्यानं आई म्हटलं म्हणून फसलो. आता कोणी आई म्हटलं तं मी म्हणतो, थांब, मी लावतो." एवढंच बोलून त्या खाली बसल्या.

मागच्या रांगेत पांढरा फेटा बांधलेले एक म्हातारे शेतकरी उठले. पुढच्या खुर्चीची पाठ धरली. मग म्हणाले, "बाई, माजं बी गेलं हाय. गेल्या दिवाळीला. घरात कुनाला सांगितलं न्हाई. पोरगं विचारतंय, पैसं कुटं गेलं, मी म्हनतो दवाखान्यात लागलं." त्यांनी फेटा सारखा केला. "आज सांगतो घरी."

सुलभाताई त्यांच्याजवळ गेल्या, त्यांना हाताला धरून बाजूच्या टेबलाशी नेलं आणि तक्रार कशी करायची ते लिहायला घेतलं. श्रावणीनं न सांगता त्यांच्यासाठी पाणी आणलं. मुलांच्या गर्दीतून कालचा तो स्कॅनवाला आला आणि श्रावणीला म्हणाला, "आमचं विजेचं बिल दोन हजार तीनशे आहे. मी एसी बंद केला काल." श्रावणी म्हणाली, "ठीक आहे." मला तिनं आजवर एवढी मोठी शाबासकी दिलेली नाही.

शेवंताबाई माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. स्टेशनवर जाताना मी त्यांना बाकरवडीचं पाकीट घेऊन दिलं. त्यांनी ते घेतलं, फोडलं, एक वडी खाल्ली. "यातबी साखर," त्या म्हणाल्या, आणि पाकीट माझ्यापुढे धरलं. आमचं मिटलं.

घरी

गाडी किती उशिरा पोचली ते सांगत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. वर्ध्याच्या स्टेशनवर गजानन मोटारसायकल घेऊन आला होता; सभागृहात काय झालं ते मी त्याला फोनवर सांगून ठेवलं होतं. त्यानं आधी स्वतःचे दोन्ही पाय आईला दाखवले, चालून दाखवलं, आणि मग शर्टाच्या खिशातून कार्ड काढून तिच्या हातावर ठेवलं. आईचा फोनही चार्ज करून आणला होता.

"उद्या ने मले मशीनवर," शेवंताबाई म्हणाल्या. "जुना पिन नंबर तुले माहीत आहे. नवा ठेवाचा आहे."

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या एटीएमवर शेवंताबाई, गजानन आणि मी असे तिघं गेलो. शेवंताबाईंनी आम्हा दोघांना दाराबाहेर उभं केलं. आत त्या मशीनला चिकटून, पदराचा आडोसा करून, बराच वेळ होत्या. एकदा बटण चुकलं, मशीन ओरडलं. गजानन आत जायला निघाला, त्यांनी मागे न बघता हात वर करून त्याला थांबवलं. मग चिठ्ठी बाहेर आली. त्यांनी ती वाचली, बारीक बारीक फाडली आणि बाहेर आल्या.

"झालं?" गजानननं विचारलं.

"झालं."

"काय ठेवला नंबर?"

शेवंताबाईंनी चष्म्यावरून पोराला नीट, पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "हा कोण माणूस आहे? लय मायेनं विचारून राहिला."